टीम चॅटमधले रोल आणि परमिशन : कामाच्या नोंदी

३ मार्च

आजपासून हे काम माझ्याकडे आलं. आपल्या चॅट अ‍ॅपमध्ये आत्ता रोल दोनच, अ‍ॅडमिन आणि मेंबर. युजर टेबलात 'अ‍ॅडमिन आहे का' असा एक हो-नाही कॉलम आहे आणि सगळा डोलारा त्या एका कॉलमवर उभा आहे. वीसेक जण होतो तेव्हा ते चाललं, आता १४२ अकाउंट आहेत. सकाळी पहिली क्वेरी मारली की अ‍ॅडमिन किती, तर ३१ निघाले. परत मारली, परत ३१.

म्हणजे ३१ जण कुणालाही काढू शकतात, कुठलंही प्रायव्हेट चॅनल उघडू शकतात, सगळा इतिहास एक्सपोर्ट करू शकतात. वाईट हेतूचं कुणी नाहीये, पण एकाचा फोन हरवला किंवा एकाचा पासवर्ड फुटला तरी पुरे. गेल्या महिन्यात ज्या चॅनलवर रोजची रिलीज ठरते तेच चॅनल कुणीतरी आर्काइव्ह केलं, म्हणजे जुनं म्हणून बंद केलं, अर्धा दिवस कुणाला कळेना काय झालं ते, आणि केलं कुणी हेही सापडलं नाही कारण लॉगच नव्हता. हे काम सुरू झालं ते त्या दिवसामुळे.

४ मार्च

३१ जणांना एकेक मेसेज पाठवला. काय लिहायचं यावर बराच वेळ गेला, आधी लिहिलेलं 'तुमचे अ‍ॅडमिन राइट्स तपासतोय', ते वाचूनच समोरचा म्हणणार माझं काय चुकलं. मग लिहिलं, 'गेल्या काही महिन्यांत अ‍ॅडमिन असल्यामुळे तुम्ही कुठलं काम करू शकलात ते सांगाल का, तेवढं तुमच्याकडे नक्की राहील असं बघतेय.' संध्याकाळपर्यंत २६ उत्तरं आली आणि ती वाचताना सगळा प्रश्न समोर उभा राहिला.

एकाला फक्त कस्टम इमोजी टाकायचे होते. एकीला नवीन माणूस आला की त्याला सात चॅनलमध्ये घालायचं असतं. दोघांना जुने मेसेज पिन करायचे होते. एकाला त्याच्या टीमच्या चॅनलमध्ये सगळ्यांना एकदम टॅग करायचं होतं. तिघांना आठवतच नव्हतं आपण अ‍ॅडमिन आहोत म्हणून. थोडक्यात प्रत्येकाला एक छोटी किल्ली हवी होती आणि आपल्याकडे मास्टर की सोडून दुसरी कुठली नव्हतीच, म्हणून दर वेळी तीच दिली गेली, आणि काम झाल्यावर परत कुणी मागितली नाही.

वहीत लिहून ठेवलं: द्यायचं कसं ते सगळ्यांना येतं. काढायचं कसं, कधी, कुणी, हे आपल्या सिस्टिममध्ये कुठेच लिहिलेलं नाही. या प्रोजेक्टमध्ये माझं लक्ष तिथे राहील.

६ मार्च

बाकीच्या चॅट अ‍ॅपनी हे कसं केलंय ते दोन दिवस बघितलं.

स्लॅकमध्ये वर प्रायमरी ओनर एकच, मग वर्कस्पेस ओनर, अ‍ॅडमिन, मेंबर, आणि गेस्टचे दोन प्रकार, एका चॅनलपुरता आणि अनेक चॅनलपुरता. झुलिपमध्ये ओनर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, मॉडरेटर, मेंबर, गेस्ट अशी उतरंड आहे आणि कोडमध्ये त्यांना १००, २००, ३००, ४००, ६०० असे आकडे दिलेत. मध्ये जागा सोडलीय ते मला फार आवडलं, उद्या मधला रोल आणायचा झाला तर जुने आकडे हलवायला नकोत. मॅटरमोस्टमध्ये तीन मजले आहेत: सिस्टिम, टीम, चॅनल, आणि प्रत्येक मजल्याचा अ‍ॅडमिन वेगळा. मेट्रिक्समध्ये रोलच नाहीत, प्रत्येक माणसाला रूममध्ये (म्हणजे आपल्या चॅनलमध्ये) पॉवर लेव्हल असते, साधारण ० म्हणजे साधा, ५० मॉडरेटर, १०० अ‍ॅडमिन, आणि कुठल्या कामाला किती लेव्हल लागते ते रूमच ठरवते.

डिस्कॉर्डचं सगळ्यात बारीक आहे. तिथे एका माणसाला अनेक रोल, त्यांच्या परमिशन एकत्र होतात, मग चॅनलवर त्यात अलाऊ (उघड हो) आणि डिनाय (उघड नाही) दोन्ही टाकता येतात. हिशेबाचा क्रमही ठरलेला: आधी सगळ्यांसाठीचा नियम, मग रोलचे डिनाय, मग रोलचे अलाऊ, शेवटी त्या एका माणसापुरते. एका रोलने नाही म्हटलं आणि दुसऱ्याने हो म्हटलं तर हो जिंकतं. मी कागदावर तीन रोल आणि एक चॅनल घेऊन स्वतः हिशेब करून बघितला, पहिल्या दोन वेळा उत्तर चुकलं. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाला कागद घ्यावा लागतो तर टीम लीडला स्क्रीनवर बघून काय कळणार.

मॅटरमोस्टचे मजले आणि झुलिपची साधी उतरंड यांच्या मधलं काहीतरी करायचं, असं मत झालं.

९ मार्च

टीममध्ये डिझाइनची मीटिंग. रोल आणि परमिशन या वेगळ्या गोष्टी आहेत यावर बराच वेळ बोललो, आणि मला वाटतं तो वेळ लागायलाच हवा होता. ही कल्पना काही नवीन नाही, १९९२ साली अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेतल्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी रोलवर आधारित अ‍ॅक्सेस कंट्रोलचं मॉडेल मांडलं आणि २००४ मध्ये त्याचं स्टँडर्डही झालं. गाभा सोपा आहे, माणसाला रोल मिळतो, रोलला परमिशन मिळतात, माणसाला थेट परमिशन कधीच मिळत नाही. माणूस बदलला की रोल काढून घ्यायचा, परमिशन शोधत बसायचं नाही. काढणं सोपं व्हावं म्हणूनच तर ते मधलं नाव आहे.

त्यावरून एक नियम पक्का केला: कोडमध्ये कुठेही 'हा अ‍ॅडमिन आहे का' विचारायचं नाही. 'याला या चॅनलमध्ये दुसऱ्याचा मेसेज डिलीट करता येतो का' असं विचारायचं. उद्या मॉडरेटरला ते काम द्यायचं ठरलं तर कोडला हात लावावा लागणार नाही.

परमिशन साठवायच्या कशा यावर वाद झाला. बॅकएंड (सर्व्हरची बाजू) सांभाळणारा सहकारी म्हणाला बिटमास्क वापरू, एक आकडा आणि एकेक बिट म्हणजे एकेक परमिशन, फास्ट पडतं. फ्रंटएंडच्या (स्क्रीनच्या बाजूच्या) सहकारिणीने लगेच अडवलं, ती बाजू जावास्क्रिप्ट भाषेत आहे आणि जावास्क्रिप्टमध्ये बिटची ऑपरेशन ३२ बिटांवरच चालतात, ३३वी परमिशन आली की गुपचूप चुकीचं उत्तर येणार आणि कुणाला कळणार पण नाही. शिवाय डेटाबेस उघडला आणि १०७३ आकडा दिसला तर त्यातून काय समजायचं? साधी नावं ठेवायची ठरली, 'मेसेज-डिलीट-स्वतःचा', 'मेसेज-डिलीट-कुणाचाही', 'चॅनल-आर्काइव्ह', 'मेंबर-घालणे', 'मेंबर-काढणे', असं. एकूण २८ झाली. वाचली की कळतात, आणि रात्री दोन वाजता काही बिघडलं तर तेव्हाही कळली पाहिजेत.

११ मार्च

जागा. रोल नुसता नसतो, तो कुठेतरी असतो. एखादी बाई डिझाइन टीमची मॉडरेटर आहे याचा अर्थ तिला सेल्सच्या चॅनलमध्ये काही करता यावं असा होत नाही. म्हणून नेमणुकांच्या टेबलात तीन मुख्य गोष्टी ठेवल्या: कोण, कुठला रोल, कुठे. 'कुठे' म्हणजे पूर्ण वर्कस्पेस, एक टीम किंवा एक चॅनल. त्यासोबत कुणी दिला, कधी दिला आणि कधी संपतो असे तीन कॉलम. 'कधी संपतो' यावर प्रश्न आला की रिकामा ठेवता येईल का, मी म्हटलं मेंबरसाठी हो, अ‍ॅडमिनसाठी नाही, अ‍ॅडमिन जास्तीत जास्त ९० दिवस, मग परत एकदा हो म्हणायचं. जरा कुरबुर झाली पण मान्य झालं.

मुख्य रोल पाच: ओनर, अ‍ॅडमिन, मॉडरेटर, मेंबर, गेस्ट.

१३ मार्च

डिनाय ठेवायचा की नाही? दिवसभर हाच विषय. ज्याला हवा होता त्याचं उदाहरण खरंच चांगलं होतं, घोषणांच्या चॅनलमध्ये सगळ्यांना वाचता यावं पण लिहिता येऊ नये. पण नीट बघितलं तर त्याला डिनाय लागतच नाही, त्या चॅनलचा बेस रोलच 'वाचक' ठेवला आणि तिघांना 'लेखक' केलं की झालं. आमच्याकडची नऊ उदाहरणं घेतली आणि नऊच्या नऊ डिनायशिवाय सुटली. तर डिनाय नाही. जे दिलं नाही ते बंद. १९७५ साली सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी सुरक्षेची जी तत्त्वं मांडली त्यात हेही आहे, डिफॉल्ट नकार असावा आणि परवानगी उघड द्यावी, म्हणजे चूक झाली तरी ती 'मला दिसत नाहीये' अशा तक्रारीने लगेच बाहेर येते. उलटं असेल तर ज्याला जास्त दिसतंय तो तक्रार करायला येत नाही.

१७ मार्च

आज नुसती शोधाशोध. जुन्या कॉलमचा वापर कोडमध्ये ६३ ठिकाणी सापडला. सगळी ठिकाणं एका शीटमध्ये घेतली, प्रत्येकासमोर कुठली परमिशन लागते ते लिहिलं.

आणि ४१व्या ओळीला थांबावं लागलं. फाइल डिलीट. स्क्रीनवर डिलीटचं बटण फक्त अ‍ॅडमिनला आणि फाइल टाकणाऱ्याला दिसतं, बरोबर आहे, पण सर्व्हरवर काहीच चेक नाही. कुठल्याही लॉगिन केलेल्या माणसाने फाइलचा नंबर देऊन रिक्वेस्ट मारली तर फाइल जाणार. टेस्ट अकाउंटवरून करून बघितलं. गेली. आपण चॅनलमध्येही नाही अशा चॅनलमधली फाइल होती ती.

हे किती दिवस असं होतं कुणास ठाऊक. बटण लपवणं म्हणजे परमिशन नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हा प्रकार सगळीकडे सापडतो, ओवॅस्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत तुटलेला अ‍ॅक्सेस कंट्रोल पाचव्या नंबरवरून पहिल्यावर आला तो उगाच नाही. बाकी सगळं सोडून आधी हे बंद केलं आणि रात्री आठला डिप्लॉय केलं, म्हणजे चालू अ‍ॅपमध्ये आणलं. मग उरलेल्या ओळी त्याच नजरेने परत बघितल्या, आणखी दोन निघाल्या, चॅनलचं वर्णन बदलणं आणि दुसऱ्याचा पिन काढणं.

यापुढे एकच फंक्शन असेल: कोण, काय करतोय, कुठे. प्रत्येक रिक्वेस्ट त्यातून जाणार. नवीन एंडपॉइंट (सर्व्हरवर रिक्वेस्ट घेणारी जागा) लिहिताना ते फंक्शन बोलावलं नाही तर बिल्डच फेल होईल, म्हणजे अ‍ॅप तयारच होणार नाही, अशी टेस्ट लिहायला घेतली.

१९ मार्च

गेस्टचं काम वाटलं त्यापेक्षा खोल निघालं. गेस्टला फक्त त्याची चॅनलं दिसावीत, इथपर्यंत सोपं. पण 'दिसणं' किती वाटांनी होतं! अ‍ॅट टाइप केलं की नावांची यादी येते, त्यात सगळ्या १४२ जणांची नावं येत होती, म्हणजे बाहेरच्या माणसाला आपली सगळी टीम पाठ झाली. प्रायव्हेट चॅनलची लिंक कुणी पेस्ट केली की चॅनलचं नाव प्रिव्ह्यूमध्ये दिसत होतं, आणि नावच कधीकधी सगळं सांगतं. दुसऱ्याचा मेसेज कोट करून फॉरवर्ड केला तर मूळ मजकूरही दिसत होता. प्रोफाइलमध्ये 'कॉमन चॅनल' अशी एक यादी होती, तिथेही गळती.

अजून एक. ज्या चॅनलची परवानगी नाही ते उघडायचा प्रयत्न केला तर सर्व्हरने उत्तराचा कोड ४०३ द्यायचा की ४०४? ४०४ म्हणजे 'असं काही नाहीच', ४०३ म्हणजे 'आहे पण तुला नाही', आणि हेच बाहेरच्याला कळायला नको. प्रायव्हेट चॅनलसाठी ४०४ ठेवला, पब्लिकसाठी ४०३, सोबत 'कुणाला विचारायचं' हे नाव.

शब्दावरून पण बोलणं झालं. आमच्यासोबत दोन वर्षं काम करणारे काही बाहेरचे लोक आहेत, त्यांच्या नावापुढे 'गेस्ट' लिहिलेलं बघून वाईट वाटतं असं त्यातल्या एकाने मोकळेपणाने सांगितलं. मला ते पटलं. पण चॅनलमध्ये बाहेरचं कुणी वाचतंय हे लिहिणाऱ्याला कळायलाही पाहिजे. शेवटी नावापुढचा शिक्का काढला आणि चॅनलच्या वरच्या पट्टीवर 'या चॅनलमध्ये बाहेरचे सहकारी आहेत' अशी ओळ ठेवली. माणसावर शिक्का नाही, जागेची माहिती आहे.

२३ मार्च

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवते.

स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या वेगळ्या अ‍ॅपवर) टेस्ट गेस्ट बनवला, दुसऱ्या फोनवर त्याने लॉगिन केलं, चॅनल उघडं ठेवलं आणि फोन लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवला. लॅपटॉपवरून त्याला चॅनलमधून काढलं. डेटाबेसमध्ये नेमणूक गेली, एपीआय मारून, म्हणजे सर्व्हरला थेट रिक्वेस्ट करून बघितलं तर ४०४, सगळं जसं हवं तसं. मग सहज त्या चॅनलमध्ये लिहिलं, 'हा मेसेज त्याला दिसायला नको.' आणि एंटर मारताक्षणी शेजारचा फोन उजळला, पूर्ण वाक्य त्यावर. मी अजून एक पाठवला, तोही आला. दहा मिनिटं पाठवत राहिले, दहाही मिनिटं येत राहिले.

कारण शोधायला तासभर लागला. माणूस कनेक्ट होतो तेव्हा सर्व्हर त्याच्या चॅनलांची यादी एकदाच काढतो आणि त्या वेबसॉकेट कनेक्शनसोबत (अ‍ॅप आणि सर्व्हरमधली सतत उघडी राहणारी वाट) मेमरीत ठेवतो, मग मेसेज आला की त्या यादीत बघून ढकलतो. यादी परत काढली जाते ती कनेक्शन तुटून जोडल्यावरच. कुणी लॅपटॉप झाकून उघडला की नवीन यादी होते, पण ज्याने अ‍ॅप चालूच ठेवलंय त्याला काढल्यानंतर दिवसभरही मेसेज मिळू शकतात.

म्हणजे आपण आजवर जितक्या जणांना काढलं असं म्हणत होतो ते काढलेले होते का? त्या दिवसांत काय काय बोललं गेलं असेल. घरी जाताना हेच डोक्यात होतं.

२४ मार्च

काल रात्री यादी केली, परवानगी काढल्यावर कुठे कुठे ती शिल्लक राहते त्याची. सकाळी एकेक तपासलं.

वेबसॉकेट, ते कालचं. लॉगिन टोकन (लॉगिन झाल्यावर मिळणारा डिजिटल पास), त्यात रोल लिहिलेला असतो आणि टोकन २४ तास चालतं, म्हणजे रोल काढला तरी टोकन म्हणतंय अ‍ॅडमिन. परमिशनचा कॅशे (परत परत शोधायला नको म्हणून जवळ ठेवलेली प्रत), १० मिनिटं. पुश नोटिफिकेशनची रांग, काढायच्या आधी रांगेत पडलेलं नंतर जातं. फाइलच्या लिंका, सर्व्हरने डिजिटल सही केलेली लिंक सात दिवस कुणाकडेही उघडते, चॅनलमध्ये असो नसो. सर्च, तो स्वतःच्या इंडेक्समध्ये (शोधण्यासाठीच्या सूचीत) चॅनल मेंबरांची यादी ठेवतो आणि ती रात्री एकदाच अपडेट होते. थ्रेडच्या, म्हणजे एका मेसेजखालच्या उत्तरांचे ईमेल. आणि फोनवर आधीच उतरलेले मेसेज.

आठ वाटा, आणि डेटाबेसमधली ओळ पुसली की आम्ही सगळे म्हणत होतो झालं काम.

काय केलं ते: टोकनमधून रोल काढूनच टाकला, टोकन फक्त 'हा कोण' एवढं सांगेल, 'काय करू शकतो' दर वेळी सर्व्हर बघेल. नेमणूक बदलली की एक इव्हेंट (सिस्टिममधली आतली सूचना) सुटेल आणि ज्या ज्या कनेक्शनवर तो माणूस आहे तिथली यादी तिथल्या तिथे नवी होईल, कॅशेही त्याच इव्हेंटने साफ. फाइलची लिंक ५ मिनिटांची केली आणि देताना चेक. पुश पाठवायच्या क्षणी परत एकदा चेक. सर्च रिझल्ट दाखवायच्या आधी प्रत्येक रिझल्टवर चेक, थोडं हळू होतं, चालेल. ईमेलचंही तसंच. फोनवरचे मेसेज अ‍ॅप पुढच्या वेळी ऑनलाइन आलं की पुसले जातील, पण कुणी ऑफलाइन राहिला तर ते राहणार, हे मान्य करून डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट लिहिलं.

क्रमाचाही एक प्रश्न असतो. गूगलने २०१९ मध्ये झांझिबार नावाच्या त्यांच्या परवानगी-सिस्टिमबद्दल पेपर काढला, त्यात हा नेमका प्रकार आहे, आधी एकाला काढलं, मग नवीन मजकूर टाकला, आणि चेक करणाऱ्याने जुनीच यादी बघितली, तर काढलेल्याला नवा मजकूर दिसतो. कालचा माझा फोन म्हणजे तेच. त्यांचा पसारा जगभर पसरलेल्या सर्व्हरांचा, आमचं एकच डेटाबेस, त्यामुळे आम्हाला उपाय सोपा पडला: मेसेज पाठवताना मेंबरशिप मुख्य डेटाबेसमधूनच वाचायची, रेप्लिकातून, म्हणजे त्याच्या थोड्या मागे राहू शकणाऱ्या प्रतीतून नाही.

संध्याकाळी परत तोच फोन, तेच टेबल. काढलं, लिहिलं, एंटर. फोन काळाच राहिला. पाच मिनिटं बघत बसले.

२७ मार्च

कोण कुणाला काय देऊ शकतो. जे आपल्याकडे नाही ते दुसऱ्याला देता येणार नाही, आपल्या बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाचा रोल काढता येणार नाही. मेट्रिक्समध्येही तसंच, समान लेव्हलच्या माणसाला खाली आणता येत नाही, स्वतःला मात्र येतं. मग दोन अ‍ॅडमिन भांडले तर एकमेकांना काढू शकत नाहीत, ओनरकडे जावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

शेवटचा ओनर स्वतःला काढू शकत नाही, सोडून जाऊ शकत नाही, अकाउंट बंद करू शकत नाही. दोन ओनर एकाच सेकंदाला राजीनामा देत असतील तर? टेस्ट लिहिली, फेल झाली, दोघेही गेले. डेटाबेसमध्ये लॉक घेऊन (एका वेळी एकालाच बदल करू देऊन) मोजणी केली, आता एक जातो आणि दुसऱ्याला अडवलं जातं.

३० मार्च

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा विषय. खासगी मेसेज कुणी वाचायचे.

आत्तापर्यंतचं उत्तर होतं, कुठलाही अ‍ॅडमिन, एक्सपोर्ट बटण दाबून. ३१ जण. लोक एकमेकांना तब्येतीचं सांगतात, घरातलं सांगतात, बॉसवर चिडून दोन शब्द लिहितात, आणि हे सगळं ३१ जणांपुढे उघडं होतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी मीटिंगमध्ये हे जरा आवाज चढवूनच बोलले, त्याबद्दल मला काही वाटत नाही.

समोरून मुद्दा आला की एखादी गंभीर तक्रार आली, त्रास दिल्याची वगैरे, तर तपासायला कुणाला तरी बघता आलंच पाहिजे. तेही खरं. ज्याला त्रास झालाय त्याचीही बाजू आहे ना. म्हणून असं ठरलं: अ‍ॅपमधून कुठल्याही रोलला, ओनरलासुद्धा, दुसऱ्याचे खासगी मेसेज उघडता येणार नाहीत. एक्सपोर्ट करायचं तर दोन ओनरांनी वेगवेगळं मंजूर करायचं, कारण लिहायचं, कुठल्या दोघांमधलं आणि कुठल्या तारखांचं ते लिहायचं, तेवढंच निघेल. सॉल्टझर-श्रोडर यांच्या तत्त्वांमध्ये दोन किल्ल्यांचा हा मुद्दाही आहे, एका माणसाच्या हाती कुलूप ठेवू नये. आणि एक्सपोर्ट झालं हे ३० दिवसांनी त्या माणसांना कळवलं जाईल, तपास चालू असेल तर ओनर तारीख एकदाच पुढे ढकलू शकतील.

तरीही डेटाबेसला थेट हात असणारे दोघं आहेत आणि त्यांना अ‍ॅपचे रोल अडवू शकत नाहीत. हे लपवायचं नाही. सगळ्यांसाठीच्या माहितीत लिहिलं की असे दोन जण आहेत, आणि त्यांच्या क्वेरी वेगळ्या ठिकाणी नोंदल्या जातात जिथे त्यांना पुसता येत नाही.

ऑडिट लॉगही आज पूर्ण झाला. ओळ अशी दिसते: वेळ, कुणी, काय केलं, कुणावर, कुठे, आधी काय होतं, नंतर काय झालं. 'आधी काय होतं' नसेल तर लॉग बघून परत जागेवर आणता येत नाही, म्हणून ते आवर्जून.

२ एप्रिल

जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवतोय. निर्णय अजून जुनाच कॉलम घेतो, पण प्रत्येक वेळी नवीन फंक्शनलाही विचारतो आणि उत्तर वेगळं आलं तर नोंदवतो. पहिल्या दिवशी ४१२ फरक. घाबरायला झालं, पण बघितलं तर त्यातले बहुतेक एकाच बॉटचे (आपोआप मेसेज टाकणाऱ्या प्रोग्रामचे) होते. उरलेल्यांत खरी चूक एक, आर्काइव्ह केलेल्या चॅनलमध्ये मेंबरला वाचता येत नव्हतं. दुरुस्त केली.

तो बॉट मात्र वेगळीच गोष्ट निघाली. बिल्ड झाली की चॅनलमध्ये सांगणारा आपला बॉट ज्या माणसाच्या टोकनवर चालतोय तो माणूस काम सोडून गेलाय. म्हणून त्याचं अकाउंट बंद करायचं धाडस कुणी केलं नव्हतं, बंद केलं तर बॉट मरेल. म्हणजे गेलेल्या माणसाचं अ‍ॅडमिन अकाउंट सुरू ठेवलेलं, त्याच्या नकळत. त्याच्यावरही हा अन्याय आहे, उद्या त्या टोकनने काही झालं तर नाव त्याचं येणार. बॉटना स्वतःची अकाउंट दिली, परमिशन एकच, तीन ठरलेल्या चॅनलमध्ये लिहिणे. वाचणे नाही. त्याचं अकाउंट दुपारी बंद केलं, बॉट चालू आहे.

६ एप्रिल

बदल लागू. सकाळी दहाला स्विच केलं, कारण शुक्रवारी संध्याकाळी असलं काही करायचं नाही आणि रात्रीही नाही, लोक जागे असताना करायचं म्हणजे अडलं की लगेच सांगतात.

अडले. हिशेब बघणाऱ्या टीममधून पहिला फोन, 'ताई, महिन्याचं चॅनल मला दिसतच नाहीये, आणि आजच शेवटचा दिवस आहे.' ते आधी अ‍ॅडमिन होते म्हणून त्यांना सगळी चॅनलं दिसायची, त्या चॅनलचे मेंबर म्हणून त्यांना कुणी घातलंच नव्हतं. दोन मिनिटांत घातलं. पण असे अजून असणार, म्हणून ३१ जणांनी गेल्या ९० दिवसांत मेंबर नसताना उघडलेली चॅनलं काढली, १७ निघाली, त्या त्या चॅनलच्या मॉडरेटरला विचारून ११ ठिकाणी घातलं. हे आधीच करायला हवं होतं, पुढच्या वेळच्या चेकलिस्टमध्ये पहिल्या ओळीवर टाकलं.

एक जण मात्र दुखावले. सुरुवातीपासून आहेत, पहिल्या पाच अकाउंटपैकी एक. मेसेज आला, 'माझ्यावरचा विश्वास कमी झाला का?' टाइप करून उत्तर द्यायची ही गोष्ट नव्हती, जाऊन भेटले. त्यांना लॉगची स्क्रीन दाखवली, त्या रिलीज चॅनलचा किस्सा सांगितला, आणि सांगितलं की आता असं काही झालं तर तुमचं नाव संशयात येणारच नाही, कारण तुमच्याकडे ते बटणच नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'हं, हे आधी सांगायला पाहिजे होतंत.' बरोबर आहे त्यांचं. मेसेज पाठवण्यापेक्षा ३१ जणांशी बोलायला हवं होतं.

९ एप्रिल

तात्पुरता रोल सुरू केला. कुणाला सुट्टीवरच्या माणसाचं काम बघायचं असेल तर मॉडरेटरपद तारखेसकट द्यायचं, ती तारीख आली की आपोआप जातं, एक दिवस आधी दोघांना आठवण. देताना तारीख न टाकता पुढे जाताच येत नाही.

'मला काय करता येतं' असं एक पान पण केलं, प्रत्येकाला स्वतःचं दिसतं, कुठल्या चॅनलमध्ये कुठला रोल, कुणी दिला, कधी संपतो. सपोर्टमधल्या मैत्रिणीने ते बघून पहिल्याच दिवशी तीन रोल स्वतःहून परत केले. 'हे माझ्याकडे कशाला, ते काम आता मी करत नाही,' म्हणाली. या आठवड्यात मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल तर याचा. परत करायचं बटण आधी दोन क्लिक आत होतं, आज पुढे आणलं.

१४ एप्रिल

आजची मोजणी: ओनर ३, अ‍ॅडमिन ४, मॉडरेटर १९, मेंबर १०४, गेस्ट ११. बेरीज १४१, सुरुवातीपेक्षा एक कमी, तो गेलेला माणूस. बॉटची अकाउंट यात धरलेली नाहीत.

राहिलेलं: फोनवर ऑफलाइन पडलेले मेसेज, त्यावर मोबाइलच्या टीमसोबत गुरुवारी बसायचंय. गेस्टने स्वतः टाकलेल्या फाइल तो गेल्यावर कुणाच्या, हे ठरलेलं नाही. जुना 'अ‍ॅडमिन आहे का' कॉलम अजून टेबलात आहे, कोणी वाचत नाही, पण आहे. महिनाभर एकही वाचन झालं नाही तर १४ मे ला काढणार, कॅलेंडरवर टाकलंय आणि बॅकएंडच्या सहकाऱ्याच्याही टाकलंय.